फ्रिक्वेन्सी देशाची, व्होल्टेज गावाचं

जळालेली मोटार खोलली की ती कशानं जळाली हे वाइंडिंग बघून सांगता येतं. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर आणि तिसऱ्याच्या नव्यासारख्या तांबूस असतील, तर एक फेज गेलेला असतानाही मोटार घुमत राहिली. डेल्टा असेल तर उलटं, एक फेज जळतो, दोन शाबूत राहतात. एकाच जागी वितळून तांब्याचा मणी झाला असेल तर शॉर्ट. त्याला कारणं बरीच, त्यात आमच्या कारागिरीचंही एक. आणि सगळंच वाइंडिंग सारखं करपलं असेल, वार्निशचा पार कोळसा झाला असेल, तर एकतर लोड जास्त किंवा व्होल्टेज कमी. माझ्या दुकानात येणाऱ्या मोटारींमध्ये या शेवटच्या प्रकारच्या सगळ्यात जास्त.

विट्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. खानापूर, आटपाडी, कडेगाव आणि खाली तासगावपर्यंतच्या मोटारी भरायला येतात. बोअरमधल्या सबमर्सिबल, विहिरीवरच्या मोनोब्लॉक, अधूनमधून यंत्रमागाच्या. संक्रांत झाली की ढीग वाढायला लागतो तो मे संपेपर्यंत. द्राक्ष, डाळिंब, ऊस, सगळ्यांना एकदमच पाणी लागतं. पावसाळ्यात मी पंखे आणि मिक्सर भरतो.

गिऱ्हाईक बसलेलं असतं, चहा येतो आणि विषय लाईटवर जातो. परवा घाटमाथ्याकडचे एक आबा म्हणाले, "मिस्त्री, टीव्हीवर रोज हजारानं मेगावॉट सांगत्यात. माझ्या विहिरीवर बल्ब अजून निखाऱ्यागत." यावर मी जे उत्तर देतो ते दुकानात अर्धवट राहतं, कारण मध्येच कुणाचीतरी मोटार येते. म्हणून इथं लिहून काढतोय.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची, म्हणजे ७ लाख ६५ हजार व्होल्टची लाईन चालू झाली आणि दक्षिणेची ग्रीड, म्हणजे विजेच्या मोठ्या तारांचं जाळं, बाकी देशाला जोडली गेली. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच यंत्र आहे असं समजा. विट्याचा माग आणि गुवाहाटीचा पंखा एकाच तालावर, सेकंदाला ५० आवर्तनं. ही फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ मध्ये राहावी असा ग्रीड कोडचा दंडक आहे आणि बहुतेक वेळ ती राहते. नव्वदच्या दशकात ती ४९ च्या खाली घसरायची. आज माझ्या टेबलावरच्या मीटरवर आकडा जेमतेम हलतो. हे काम साधं नाही. ज्यांनी हे नियोजन केलं त्यांना माझा मनापासून रामराम.

पण मोटार फ्रिक्वेन्सीनं जळत नाही, व्होल्टेजनं जळते. आणि व्होल्टेज देशाचं नसतं. ते उपकेंद्रापासून तुमच्या विहिरीपर्यंत तार जशी लांबत जाते तसं उतरत जातं. देशभर फ्रिक्वेन्सी एक, पण एकाच फिडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या एकाच लाईनीवर, उपकेंद्राशेजारच्या मळ्यात ४१० व्होल्ट आणि शेवटच्या डीपीवर, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर, ३३०, असं होतं. ४१५ व्होल्टच्या मोटारीला ३३० दिलं की तिचा जोर एक तृतीयांशाहून जास्त घटतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गावर असतो. पाणी तर तेवढंच ओढायचं. मग ती जास्त अँपिअर खेचते, तापते आणि माझ्याकडे येते.

यात आमच्या लोकांचाही हात आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शेतीपंपाचं बिल बरीच वर्षं एचपीवर लागायचं, त्यामुळं पाटी पाचची आणि पोट साडेसातचं, अशा मोटारी मी ढीगभर खोलल्यात. पाटी खोटं बोलते, पण आतल्या तारेचा गेज आणि स्टँपिंगची लांबी खोटं बोलत नाही. आता २०२४ च्या बळीराजा वीज सवलतीत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला मार्च २०२९ पर्यंत बिलच नाही, त्यामुळं दहाची मोटारसुद्धा कागदावर साडेसातची राहणार हे उघड आहे. वर ऑटोस्विच. लाईट आली की सगळ्या मोटारी एका झटक्यात उठतात. चालू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. शंभर केव्हीएची डीपी पाच एचपीच्या सतरा-अठरा पंपांत भरते. तिच्यावर तीस असतील आणि तीसही एका सेकंदाला उठले तर डीओ, म्हणजे डीपीचा फ्यूज, पडणार नाही तर काय होणार? व्होल्टेज सावरायला कपॅसिटर लावा म्हणून मी प्रत्येकाला सांगतो. "बिल येतच न्हाई, मग कपॅसिटर कशाला?" हे उत्तर ठरलेलं.

आता या सगळ्याचा ग्रीडच्या नियोजनाशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. तोच तर माझा मुद्दा आहे, की तो संबंध कुणी लावत नाही.

वीज मंडळाची २००५ साली वाटणी झाली. वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या तारांची महापारेषण, घरापर्यंत आणणारी महावितरण. २००३ च्या वीज कायद्यानुसार राज्याच्या पारेषणाचं नियोजन महापारेषणकडं आहे. कुठल्या क्षणी कुठलं केंद्र किती चालवायचं ते ऐरोलीचं भार प्रेषण केंद्र बघतं. या सगळ्या नियोजनाचा पाया म्हणजे मागणीचा अंदाज. राज्याची सर्वोच्च मागणी किती, दर वर्षी किती टक्के वाढणार, त्यासाठी किती मेगावॉट आणि किती केव्हीच्या लाईन. अंदाज वरून खाली येतो. आमच्या तालुक्याच्या फिडरपर्यंत पोचता पोचता तो नुसता भागाकार उरतो. त्या भागाकारात पाटी पाचची धरलेली असते, साडेसातचं पोट कुठंच मोजलेलं नसतं. मोजायला सुरुवात डीपीपासून करा. डीपीवरून फिडर, फिडरवरून उपकेंद्र, मग पुढं तालुका आणि जिल्हा, असा हिशेब वर चढू द्या. डीपीवर मीटर बसवायचं काम केंद्राच्या आरडीएसएस या वितरण सुधारणेच्या योजनेत आहेच. मीटर बसला म्हणजे झालं असं नाही. त्याचा आकडा नियोजन करणाऱ्याच्या टेबलावर गेला पाहिजे.

आणि आमच्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांकडं तर नियोजन करणाऱ्यानं हावरटासारखं बघायला हवं. साताऱ्याच्या पाटण तालुक्यात कोयना, १,९६० मेगावॉट. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या, इकडं ढालगावला पवनचक्क्या. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांत बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर वीज. जत, आटपाडी, माण, खटावला वर्षातले आठ महिने कोरडं ठणठणीत ऊन. यांचं पंचांग मांडून बघा. वारा जून ते सप्टेंबर. कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत. फेब्रुवारी ते मे, जेव्हा माझ्या दुकानात मोटारींचा ढीग असतो, तेव्हा ऊन सगळ्यात कडक. आणि ज्या वेळी यातलं काहीच पुरत नाही, म्हणजे संध्याकाळी सहा ते दहा, त्या वेळी बटण दाबल्यावर काही मिनिटांत उभी राहणारी कोयना. एवढं असून चंद्रपूरचा कोळसा जाळून सहाशे किलोमीटरवरून आणलेली वीजही आम्ही वापरतो. आणू नये असं मी म्हणत नाही. एकच ग्रीड आहे, कुठला इलेक्ट्रॉन कुठला हे कुणी सांगू शकत नाही. पण या चार हंगामांचा मेळ घालून एक जिल्हानिहाय आराखडा कुणी केलाय का, तर माझ्या पाहण्यात नाही.

कोयना आणि टेंभू हे प्रकरण तर बसून विचार करण्यासारखं आहे. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं. त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वर्षाला पश्चिमेकडं सह्याद्रीच्या पोटातून कोकणात सोडता येतं, ही कृष्णा लवादानं घातलेली मर्यादा. ते पोफळीला पडून वीज करतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. उरलेलं पूर्वेकडं पायथ्याच्या ४० मेगावॉटच्या वीजगृहातून नदीत, कराडला कृष्णेला मिळतं आणि थोडं खाली टेंभूच्या बंधाऱ्यावर येतं. तिथून टप्प्याटप्प्यानं वर उचलून ते आमच्या कडेगाव, खानापूर, आटपाडीला आणि पुढं सांगोल्यापर्यंत जातं. म्हणजे सह्याद्रीच्या एका अंगाला पाणी पाडून वीज करायची आणि दुसऱ्या अंगाला वीज लावून पाणी चढवायचं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या तिन्ही उपसा सिंचन योजनांच्या वीजबिलानं किती वर्षं राजकारण पेटतं ठेवलं हे सांगलीकरांना सांगायला नको. शेवटी बिलाचे ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के शेतकरी असं ठरलं तेव्हा कुठं पाण्याची आवर्तनं वेळेवर सुटायला लागली.

आता विचार करा. या उपसा योजना म्हणजे आमच्या भागातला विजेचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक. त्याला वीज नेमकी कधी लागते? पाण्याला घड्याळ नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच ऊन असताना पंप पूर्ण जोरात चालवा, वरच्या तलावात पाणी साठवा, संध्याकाळी पंप बंद करा, कालव्याला तलावातून पाणी चालू ठेवा. उन्हाची वीज साठवायला बॅटरी लागते म्हणतात, तर इथं पाणीच बॅटरी आहे. अडचण आहे, मला माहीत आहे. टप्पे एकाखाली एक बांधलेले आहेत, मधल्या हौदांची साठवण एवढा खंड सोसण्याइतकी नसेल तर एक टप्पा थांबला की खालचा वाहून जातो. कालवा एकदा रिकामा झाला की भरायला वेळ जातो. म्हणजे जास्त मोठे हौद, काही जादा पंप आणि पाइप लागतील. तो खर्च आणि त्यातून वाचणारी महाग वीज यांचा हिशेब पाटबंधारे खातं आणि वीज कंपन्या यांनी एका टेबलावर बसून करायचा आहे. म्हैसाळसाठी जत तालुक्यात सौर प्रकल्पाचं घाटतंय, जर्मन बँकेचं कर्ज त्याला आहे. चांगलं आहे. पण पॅनेल लावले आणि पंप रात्रंदिवस तसेच चालवले तर अर्धाच फायदा.

दिवसा वीज स्वस्त झाली आहे हे आता कागदावरही आलंय. पूर्वी कारखान्यांना रात्री दहा ते सकाळी सहा वीज वापरली की सूट मिळायची, कारण रात्री कोळशाची केंद्रं नुसती तेवत ठेवावी लागायची. २०२५ च्या दररचनेत ते उलटं झालं, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच हे स्वस्त तास झाले. रात्रपाळीवर गणित बसवलेल्या कारखानदारांनी ओरड केली आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. ज्यानं सगळी गुंतवणूक रात्रीच्या सवलतीवर केली त्याला एका आदेशानं दिवसपाळीला आणणं सोपं नसतं. शेतकऱ्याला मात्र हेच हवं होतं. बिबट्या, साप आणि थंडी यांच्या संगतीनं रात्री दारं धरायची कुणाला हौस नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसा दहा तास विजेसाठी राजू शेट्टी कोल्हापुरात ठाण मांडून बसले होते ते आठवत असेल.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची दुसरी आवृत्ती २०२३ ला आली आणि एवढ्यातल्या योजनांपैकी माझ्या मते ही सगळ्यात शहाणी. कारण प्रकल्प ३३/११ केव्हीच्या, म्हणजे ३३ हजार व्होल्टचे ११ हजार करणाऱ्या उपकेंद्राजवळच, पाच-दहा किलोमीटरच्या आत उभारायचा आहे. हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं, त्यामुळं माळरानवाला खूश. वीज साधारण तीन रुपये युनिटनं. वीज जिथं लागते तिथंच तयार झाली की लांबच्या तारेतला करंट घटतो, आणि करंट निम्मा झाला की तारेतली गळती चौथाईवर येते. व्होल्टेज आपोआप उचलतं. काही ठिकाणी प्रकल्प चालू झालेत तिकडच्या गिऱ्हाइकांकडून मी हे ऐकलं आहे, आणि तिकडून येणाऱ्या मोटारी कमी झाल्यात. धंद्याच्या दृष्टीनं वाईट बातमी.

पण तिथंही लोक मला विचारतात की सोलर शेजारी उभं असून भर दुपारी लाईट का जाते. वरची ३३ केव्हीची लाईन ट्रिप झाली की ते सोलरही बंद पडतं. त्याचे इन्व्हर्टर ग्रीड बघून चालतात, ग्रीड नसेल तर त्यांनी थांबायचं असा सुरक्षेचा नियम आहे, नाहीतर खांबावर चढलेला वायरमन मरेल. दुसरं, जुलैत पाऊस लागला की पंप बंद, आणि मधूनच ऊन पडलं की तीच वीज उलट्या दिशेनं वर चढते. उपकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर आणि त्याचं संरक्षण त्या दृष्टीनं तपासलंय का? संध्याकाळी सातला गावठाण फिडरवर टीव्ही, गिरणी, मोटारसायकलचं चार्जिंग चालू होतं तेव्हा हे सोलर झोपलेलं असतं. उपकेंद्रात तीन-चार तास पुरेल एवढी बॅटरी ठेवली तर? की कोयनेवर सोडायचं? की साताऱ्यातल्या तारळीसारखा पाणी वर-खाली फिरवणारा प्रकल्प? महाराष्ट्रात घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे, आता सरकारनं धोरण करून बरेच नवे मंजूर केलेत. त्यात घातलेल्या विजेतली वीस-पंचवीस टक्के गळतेच, आणि साताऱ्याच्या घाटात जंगल किती शिल्लक ठेवायचं हाही प्रश्न आहे. मला विचाराल तर आधी स्वस्तातली कामं. उपकेंद्रात आणि लांब फिडरवर कपॅसिटर बँक, दोन-तीन शेतकऱ्यांमागं एक छोटी डीपी, जुनी तार बदलणं. यात उद्घाटनाला मंत्री येत नाहीत, म्हणून ती मागं पडतात.

पवनचक्क्यांचंही तसंच. वनकुसवडे, चाळकेवाडीला सगळ्यात चांगल्या वाऱ्याच्या जागा जुन्या, छोट्या यंत्रांनी अडवल्या आहेत. त्या काढून मोठी बसवायचं केंद्राचं धोरण २०१६ ला आलं, २०२३ ला सुधारून परत आलं. पण यंत्रापेक्षा मला तिथल्या तारांचं वाईट वाटतं. त्या पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी बांधल्यात आणि उरलेलं वर्ष जवळजवळ मोकळ्या असतात. ढालगावच्या माळावर तिथल्या अशाच तारांवर सौर जोडलं तर नवी लाईन, नवे टॉवर, टॉवरखालच्या जमिनीची भांडणं, सगळं टळतं. ऊन आणि वारा एकाच वेळी भरात आले तर थोडी वीज सोडून द्यावी लागेल. ते नव्या लाईनपेक्षा स्वस्तच पडेल.

माझा भाचा पवनचक्कीवर टेक्निशियन आहे. त्याला माझं हे सगळं पटत नाही. तो म्हणतो, "मामा, तालुक्याचा आराखडा करायला गेला तर प्रत्येक आमदार आपल्याच गावाला उपकेंद्र मागील. मोठी ग्रीड आहे म्हणूनच वीज स्वस्त आहे. राजस्थानात ऊन आहे तर तिथनं आणावी." पहिलं म्हणणं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. दुसऱ्याला आहे. राजस्थानची वीज सांगलीच्या मोठ्या उपकेंद्रापर्यंत येईल, पण शेवटच्या डीपीवरचं व्होल्टेज राजस्थानातून उचलता येत नाही. ते इथंच उचलावं लागतं. मोठ्या ग्रीडला माझा विरोध नाहीच, तिच्या दुसऱ्या टोकाला पण तेवढीच अक्कल लावा एवढंच म्हणणं.

दर ठरवताना वीज नियामक आयोग सुनावणी घेतो. आमच्यासाठी ती पुण्याला. इचलकरंजीचे प्रताप होगाडे, पुण्याची प्रयास संस्था, ही मंडळी तिथं आकड्यांनिशी भांडतात म्हणून आपलं थोडंफार भागतं. पण ती सुनावणी दराची. तार कुठून जाणार, कुठल्या उपकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर पाचचा दहा एमव्हीए होणार, सोलर कुठल्या फिडरला जोडणार, हे ठरताना विट्याला, आटपाडीला, दहिवडीला येऊन कुणी बसत नाही. आणि बसलं तरी लोक काय बोलणार? त्यांच्या हातात आकडाच नाही. "व्होल्टेज कमी आहे" एवढंच सांगतात, समोरचा साहेब "बघतो" म्हणतो.

म्हणून माझी मागणी लहान आहे. प्रत्येक ३३/११ उपकेंद्राच्या फाटकावर एक फळा लावा. त्यावर ट्रान्सफॉर्मर किती एमव्हीएचा, गेल्या महिन्यात त्याच्यावर जास्तीत जास्त लोड किती आला, प्रत्येक फिडरच्या शेवटच्या डीपीवर कमीत कमी व्होल्टेज किती होतं आणि कुठल्या वेळेला, एवढे आकडे लिहा. ज्या उपकेंद्राला सोलर जोडलंय तिथं आजची सोलर युनिटं. संगणकावर नको, पोर्टलवर नको, तिथं ओटीपी येत नाही. महिन्यातून एकदा खडूनं लिहिलं तरी चालेल. फळा आणि खडू मी देतो, विट्याच्या उपकेंद्रापासून सुरुवात करा.